पडद्यावरचे अश्रू आणि आडनावाचा प्रश्न

समाजशास्त्राच्या अभ्यासात पूर्वग्रह आणि भेदभाव हे दोन शब्द नेहमी जोडीने येतात. परंतु त्यांचा अर्थ एक नाही. पूर्वग्रह मनात असतो, भेदभाव वागण्यात दिसतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४९ साली या फरकावरून माणसांचे चार प्रकार सांगितले. त्यांतला एक प्रकार विचार करायला लावतो : मनात द्वेष नाही, तरी लोकांच्या भीतीने भेदभाव करणारा माणूस.

चित्रपटाच्या जगात याचे ठळक उदाहरण आहे. 'गॉन विथ द विंड'मधील मोलकरणीच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला १९४० साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. पण त्याच समारंभात तिला सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवले होते. कारण त्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. कौतुक झाले, पण पंगत वेगळीच राहिली!

आपल्याकडे वर्णाच्या जागी जात आहे. १९३६ च्या 'अछूत कन्या' या हिंदी चित्रपटात अस्पृश्य मुलगी व ब्राह्मण मुलगा यांचे प्रेम दाखवले. शेवटी मरण आले ते मुलीच्या वाट्याला. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) जब्याला वर्गातल्या शालूच्या देखत डुकरे पकडावी लागतात आणि गाव हसते. अखेरीस त्याने भिरकावलेला दगड प्रेक्षकांच्याच दिशेने येतो. जातीचे मूळ जातीतल्या जातीत होणाऱ्या विवाहात आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात मांडले होते. बरोबर शंभर वर्षांनी, २०१६ साली, 'सैराट' आला. त्यातल्या आर्ची-परशाचा खून होतो तो याच कारणाने.

असे चित्रपट पाहून लोक रडतात, हे खरे. मग भेदभाव का जात नाही?

तीन वर्षांपूर्वी वडिलांना चाकणच्या एमआयडीसीत काम लागले. आम्ही लातूर जिल्ह्यातून आलो आणि खोली शोधू लागलो. एका घरमालकीणबाईंनी आम्हांला प्रेमाने चहा दिला. टीव्हीवर 'सैराट' चालू होता. "कितीदा बघितला तरी रडू येतं," त्या म्हणाल्या. भाडे ठरले. मग त्यांनी आडनाव विचारले. वडिलांनी सांगितले. थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, "माझं काही नाही हो, पण बाकीच्या भाडेकरूंना चालायचं नाही." आम्ही चहा संपवून उठलो. मला तेव्हा राग आला होता. मर्टन यांचे विचार मी यंदा वर्गात शिकले, तेव्हा त्या बाई प्रथम आठवल्या.

परंतु गोष्ट इथे संपत नाही. माझी ताई कंपनीत कामाला जाते. तिथला एक मुलगा तिला आवडला आहे. तो आमच्या जातीचा नाही. आई म्हणाली, "पोरगा चांगलाच आहे गं, पण भावकी काय म्हणेल?" घरमालकीणबाईंचेच बोलणे मी आमच्या घरात ऐकत होते.

चित्रपट आपले मन हलवतो, हे त्याचे मोठे काम आहे. पण मन हलले म्हणजे वागणे बदलले, असे होत नाही. लोकांना भिणाऱ्या माणसाला नुसता उपदेश पुरत नाही. त्याला त्याच्या बाजूने उभी राहणारी माणसे लागतात, असे मर्टन यांच्या विवेचनावरून दिसते. ताईचे अजून ठरलेले नाही. वडील गप्प आहेत. कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. म्हणून आईच्या बाजूला उभे राहून भावकीशी बोलण्याचे काम माझे आहे, असे मला वाटते.