दातांची तार आणि जंतूंचा थर

लोणीचं दंत महाविद्यालय जवळच असल्याने कोल्हारच्या वर्गात दातांना तार लावलेली मुलं दिसतात. त्यांच्यासाठी हा प्रयोग करा. स्टीलचे दोन चमचे घ्या, एक पॉलिश पेपरने घासा. दोन्हींना पिठलं लावून वाळवा, मग नळाखाली धरा. खरखरीत चमच्याचं पिठलं लवकर सुटत नाही.

तारेचंही तसंच. स्टीलची तार गुळगुळीत, बीटा-टायटॅनियमची जास्त खरखरीत. खरखरीतपणा ०.२ मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागापेक्षा वाढला, की जंतूंचा थर धरतो. हे जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. दातावर पांढरे डाग पडतात. पुढे तार निघते, पण डाग राहू शकतात.

म्हणून शाळेत डबा खाल्ल्यावर चूळ भरायला वेळ द्या. घरी रात्री तारेच्या वरून आणि खालून ब्रश फिरतोय ना, हे स्वतः पाहा.