आधी 'मैत्र', मग 'करुण'

आजचं वाचन गीतेच्या बाराव्या अध्यायातलं, श्लोक १३. आपल्याला प्रिय असलेल्या भक्ताची लक्षणं भगवंत इथून सांगायला लागतात. कुणाचा द्वेष न करणारा, मग 'मैत्र', आणि त्यानंतर 'करुण'. हा श्लोक मला पाठ आहे, तरी माझ्या डोक्यात 'करुण'च पुढे असायचं. दया सोपी असते ना. उभ्या उभ्या करता येते.

माझं आजोळ अर्जुनी मोरगावचं. पावसाळ्यात गेले की इटियाडोहला चक्कर ठरलेली. गाढवी नदीवरचं हे धरण भरलं की सांडव्याचं पाणी बघायला गर्दी होते. यंदा तिथे एका बंद टपरीच्या आडोशाला राहणाऱ्या आजी दिसल्या. मी त्यांना बिस्किटांचा पुडा आणि पन्नास रुपये दिले, आणि रात्री साधनेच्या वहीत 'सेवा'च्या रकान्यात टिक केली. (हसू नका, तुमच्याही वहीत असेल असा रकाना.) दुसऱ्या दिवशी पुन्हा पुडा पुढे केला, तर म्हणाल्या, "ठेव तिकडं. पयले बस ना पोरी."

बसले. मग रोजच बसू लागले.

धरणाचं पाणी खाली ज्या बांध्यांमध्ये जातं, तिथे आजींनी आयुष्यभर रोवणी केली. दुसऱ्यांच्या बांध्यांत. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायची, तेंदूपत्ता तोडायचा. नवरा गेला. घर मातीचं, वर कवेलू, आणि जागा दिराच्या नावावर. एका पावसात भिंत बसली आणि दिराच्या पोरांनी ती पुन्हा उभी करू दिली नाही. हे सगळं त्या रडून सांगत नाहीत. धानाचा भाव सांगावा तसं सांगतात.

मग मला म्हणाल्या, "तुह्यं काय?" माझी नोकरी मे महिन्यात गेली, हे मी घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. आजींना सांगितलं. त्या गप्प राहिल्या आणि माझ्याच पुड्यातलं बिस्किट माझ्या हातावर ठेवलं.

याच अध्यायात पुढे, १९ व्या श्लोकात, भक्ताला 'अनिकेत' म्हटलंय. ज्याला घर नाही तो. आपल्या ग्रुपमध्ये दोन अनिकेत आहेत, दोघांचेही फ्लॅट आहेत! मी मोठ्या उत्साहाने आजींना अर्थ सांगितला. त्या हसल्या. "नाव चांगलं हाये. पन एक डाव पावसात झोपून पाय." घराची आसक्ती सुटणं वेगळं आणि घर हिसकावलं जाणं वेगळं. ते एक समजून मी बोलत होते, याची लाज वाटली.

आता निराधारांच्या अनुदानाचा अर्ज करतोय, महिन्याला १५०० रुपये. पासष्टच्या आत असतील तर संजय गांधी योजना, पुढे असतील तर श्रावणबाळ. पण वयाचा कागदच नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "धरनाची माती टाकत होते, तवा मी मायसंगं घमेलं उचलाची." धरण १९७० चं. म्हणजे पासष्ट कधीच ओलांडली. खिडकीवरच्या बाबूला हा हिशेब सांगून पाहिला, त्याने दाखला मागितला.

सोमवारी पुन्हा जायचंय. आजींनी बजावलंय, येताना पुडा नको, पान-सुपारी आण.