‘विंडोज टाकून देतो’ म्हणजे नक्की काय देतो?

‘विंडोज टाकून देतो, काळजी करू नका.’ असेंबल्ड पीसी घ्यायला गेलेल्या माणसाला हे वाक्य ऐकावंच लागतं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तापकीर गल्ली असो की तालुक्याच्या गावातलं दुकान, शब्द तेच. यातलं क्रियापद नीट ऐका. दुकानदार ‘विकतो’ म्हणत नाही, ‘टाकून देतो’ म्हणतो. भाजीवाला जाता जाता मूठभर कोथिंबीर पिशवीत टाकतो, तसं. मग बिल बघा. प्रोसेसर, रॅम, एसएसडी सीरियल नंबरासकट लिहिलेले, कॅबिनेटच्या चारशे रुपयांच्या पंख्यालाही स्वतंत्र ओळ. आणि ज्याच्यावाचून ते सगळं म्हणजे नुसता पत्र्याचा डबा, त्याचा बिलात उल्लेखच नाही. ही ओळ लिहायची राहून जात नाही, ती लिहिली जात नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी रागाने म्हणतो आहे हे लपवत नाही: विंडोज मशीनवर चढवणं, ते ॲक्टिव्हेट होणं आणि त्याचा परवाना आपल्याकडे असणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. या धंद्यातला घोळ तिन्हींची एक मोळी बांधून विकण्यात आहे.

पहिली गोष्ट जवळजवळ फुकट आहे. मायक्रोसॉफ्ट स्वतःच मीडिया क्रिएशन टूल देते. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, तो तयार करा, मशीन त्यावरून सुरू करा. की विचारली जाते त्या पडद्यावर ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ असा पर्याय असतो. तो निवडला तरी विंडोज चढतं आणि चालतं. कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी पुसट अक्षरं उमटतात, सेटिंग्जमधून वॉलपेपर आणि रंग बदलता येत नाहीत, इतकंच. म्हणजे ‘टाकून देण्याचे’ कोणी पाचशे रुपये घेतलेच, तर ते मजुरीचे आहेत. मजुरीबद्दल तक्रार नाही. पण त्या मजुरीतून मालकी येत नाही. शेतावर ताबा असणं वेगळं आणि सातबाऱ्यावर नाव असणं वेगळं, हे ज्या महाराष्ट्रात पोरासोरांना ठाऊक आहे, तिथे कोपऱ्यातली अक्षरं गेली की सातबारा हातात आला असं आपण मानतो, याचं नवल वाटतं.

ती अक्षरं जातात कशी, ते पाहू. मोठ्या कंपन्यांसाठी मायक्रोसॉफ्टची केएमएस नावाची सोय आहे. कंपनीच्या आतला एक सर्व्हर तिच्या यंत्रांना १८० दिवसांची मुदत देतो, आणि यंत्रं दर सात दिवसांनी ती वाढवून घ्यायला बघतात. दुकानातलं ‘ॲक्टिव्हेटर’ बऱ्याचदा याच सोयीची नक्कल असतं: तुमच्याच यंत्रात खोटा सर्व्हर बसवायचा आणि त्याच्याकडून मुदतवाढ घेत राहायची. विंडोजचा अँटिव्हायरस, म्हणजे डिफेंडर, अशा हत्याराला पकडतो, म्हणून आधी डिफेंडरचे डोळे बांधले जातात. खात्री करायची तर विंडोज सिक्युरिटीत जा आणि ‘एक्सक्लुजन्स’ ही यादी उघडा. नव्याकोऱ्या मशीनवर ती रिकामी हवी. तिथे तुम्ही कधी न ऐकलेला एखादा फोल्डर बसलेला दिसला, तर ओळखा की घराला कुलूप लावताना एका खिडकीची कडी मुद्दाम काढून ठेवलेली आहे. त्या फोल्डरात उद्या काहीही आलं तरी रखवालदार तिकडे बघणार नाही, आणि त्याच यंत्रावर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाइप करणार आहात.

दुसरी तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत एसएलएमजीआर, मोकळी जागा, तिरकी रेघ, एक्सपीआर असं इंग्रजीत टाइप करा. छोटीशी खिडकी उघडेल. तिथे ‘व्हॉल्यूम ॲक्टिव्हेशन’ अमुक तारखेला संपेल असं लिहिलेलं असेल, तर घरगुती मशीनवर ते भाड्याचं आणि बहुधा चोरीचं आहे. ‘पर्मनंटली ॲक्टिव्हेटेड’ लिहिलेलं असेल तर? इथेच बहुतेक लोक सुटकेचा श्वास टाकतात, आणि इथेच फसतात. कायमस्वरूपी डिजिटल परवाना मिळवून देणाऱ्या चोरवाटाही आहेत. शिवाय काही शे रुपयांत मिळणारी की कुठल्या तरी संस्थेच्या घाऊक परवान्यातली किंवा भंगारात गेलेल्या यंत्रावरची असू शकते. ती आज चालते; उद्या ब्लॉक झाली की अक्षरं परत उगवतात. म्हणजे ही खिडकी लबाडी पकडू शकते, प्रामाणिकपणा सिद्ध करू शकत नाही. तो सिद्ध करतं बिल.

यावर ठरलेले आक्षेप येतात. ‘सगळेच असं वापरतात, कोण विचारतं?’ घरात बहुधा कोणी विचारत नाही, हे खरं. पण १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३-ब संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरण्याबद्दलच आहे: किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर भागवू शकतं. डीटीपीवाल्याने आणि हिशेबनीसाच्या ऑफिसने हा फरक दोनदा वाचावा. ‘दहा हजार कोण घालणार?’ हा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. होम आवृत्तीचा रिटेल परवाना साधारण तेवढ्याला पडतो. पण रिटेल परवाना जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतो. मशीनबरोबर मिळणारा ओईएम परवाना मदरबोर्डाबरोबर जन्मतो आणि त्याच्याबरोबरच मरतो. ज्याने २०१५ साली विंडोज १० रिटेल घेतलं, त्याला २०२१मध्ये आलेल्या ११साठी वेगळे पैसे पडले नाहीत. वर्षांनी भागून बघा, मग महाग म्हणा. तरीही परवडत नसेल तर उबुंटू किंवा मिंट हे फुकट लिनक्स वापरा. युनिकोड मराठी तिथे व्यवस्थित चालतं. टॅली किंवा श्री-लिपीवर पोट असेल तर मात्र विंडोजला सहसा पर्याय नाही, आणि ज्यावर पोट आहे त्याचा परवाना हा खर्च नव्हे, भांडवल आहे. पैसे जमेपर्यंत कोपऱ्यातली अक्षरं सहन करा. परवान्याच्या अटींत तेही कायमचं बसत नाही, पण निदान त्यात कोणी खिडकीची कडी काढलेली नसते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत झोंबतो: ‘गिऱ्हाइकाला कळायला हवं होतं.’ का? मदरबोर्ड वॉरंटीत बदलला, ॲक्टिव्हेशन गेलं, की हाच दुकानदार शांतपणे म्हणतो, ‘ते सॉफ्टवेअर आहे, त्याला वॉरंटी नसते.’ विकताना ते मशीनचा भाग होतं, बिघडल्यावर वेगळं झालं! ग्राहक हेल्पलाइनला १९१५वर फोन करा, पण जी वस्तू बिलात नाही तिची तक्रार कशाच्या जोरावर उभी करणार? तेव्हा बिल करताना आवृत्तीचं नाव, रिटेल की ओईएम, आणि किंमत अशी ओळ मागा. मिळत नसेल तर मशीन कोरं घ्या. दुकानदाराला राग आला तर येऊ द्या.

मग विंडोज स्वतः चढवा. बायोसमध्ये टीपीएम, म्हणजे विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची सोय, सुरू आहे का ते बघा. इंटेलकडे त्याचं नाव पीटीटी, एएमडीकडे एफटीपीएम. लॅन आणि वायफायचे ड्रायव्हर मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून आधीच पेन ड्राइव्हवर घ्या, नाहीतर सेटअप ‘नेटवर्क जोडा’ म्हणून अडतो. तेव्हा मोबाइलचं यूएसबी टेदरिंग बहुधा कामी येतं. जुनी डिस्क बसवलेली असेल तर तिची वायर काढूनच चढवा. होमची की असेल तर प्रो चढवू नका. आणि खातं स्वतःचंच वापरा. विंडोज ११च्या नव्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटअप केला की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होऊ शकते आणि तिची ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात जाते. दुकानाच्या पोराने सोय म्हणून स्वतःचं खातं टाकलं असेल, तर बोर्ड बदलल्या दिवशी तुमच्या फोटोंची किल्ली त्याच्याकडे असते, आणि तोवर तो दुसऱ्या दुकानात गेलेला असतो. बाकी नेहमीचंच: बॅकअप ठेवा, अपडेट बंद करू नका, बिल जपून ठेवा. विशेषतः बिल. मशीन पाच-सात वर्षांनी भंगारात जाईल, रिटेल परवाना पुढच्या मशीनवर येईल, आणि तो तुमचा आहे हे सांगायला त्या कागदावरची ती एक ओळच असेल.