अंथरुणाला खिळलेलं माणूस आणि पेन्शनचं दार

ग्रामसंघाच्या बैठकीत एका वहिनीनं विचारलं, "मॅडम, मालक अंथरुणावर हाईत. त्यांचं जेवणखाण, आंघोळ, हागणंमुतणं सगळं मीच करते. कामाला जाता येत न्हाई. मग सरकारकडनं मला काय मिळतंय?"

बाकीच्या बायका गप्प झाल्या, आणि खरं सांगायचं तर मीही. कारण "मला" या शब्दाचं सरळ उत्तर आहे: काही नाही. घरात पडून असलेल्या माणसाची सेवा करणाऱ्या बाईसाठी आपल्याकडे वेगळी पेन्शन नाही. जे मिळतं ते त्या आजारी माणसाच्या नावावर मिळतं. आणि ते मिळवताना तिला किती राबावं लागतं, हे कुणी विचारत नाही. विचारतात तीन गोष्टी: वय किती, घरचं उत्पन्न किती, अपंगत्वाचा टक्का किती. या महिन्याचा अभ्यास या तीन प्रश्नांवर आहे, कारण त्यातल्या एकाचं उत्तर चुकीच्या रकान्यात भरलं की वर्ष वाया जातं. या वहिनीचं गेलं, आणि त्यात चूक माझी होती. नाव लिहीत नाही, पण लिहायला तिनंच सांगितलंय.

तिचे मालक मुंबईत हमाली करायचे. 2024 च्या गौरी-गणपतीला गावी आले आणि झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. वय 54. दवाखान्यातनं घरी आणल्यावर दोन महिन्यांनी मी तिचा संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरून दिला. या योजनेत पक्षाघात, कर्करोग, क्षयरोग, कुष्ठरोग, एड्स अशा आजारांमुळे स्वतःचं पोट भरू न शकणारी माणसं बसतात. मला वाटलं, पक्षाघात तर सरळ लिहिलेलाच आहे, सरकारी दवाखान्याचा दाखला जोडला की झालं. मी आजाराच्या रकान्यात खूण केली. अर्ज नामंजूर झाला. कारण: उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त.

त्यांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर 40,000 रुपये होते. वर्षाचे. दीड एकर डोंगरउताराची जमीन, एक म्हैस, आणि वहिनीची रोजंदारी. या योजनेत नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असावं लागतं, नाहीतर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावं लागतं.

इथे जरा थांबून हिशेब करा. 21,000 भागिले 12, म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. 2025-26 साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. म्हणजे घरातल्या एका बाईनं वर्षात 68 दिवस रोजगार हमीवर काम केलं, की कागदावर ते घर निराधार उरत नाही. लाडकी बहीण योजनेला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, आणि पडून असलेल्या माणसाला एकवीस हजार! म्हणूनच बऱ्याच दाखल्यांवर आकडा 21,000 च्या आत "बसवलेला" दिसतो. तसं करा असं मी सांगणार नाही, उद्या चौकशी लागली तर अडचणीत तुम्हीच याल. पण मर्यादाच अशी ठेवली की माणसं खोटं बोलणार, हेही खरं.

आता माझी चूक. याच योजनेत दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा वेगळी आहे, 50,000 रुपये. माणूस तोच, लुळा पडलेला हात तोच. "आजारी" म्हणून अर्ज केला तर 40,000 उत्पन्नाला नापास, "दिव्यांग" म्हणून केला तर पास. शिवाय ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना महिन्याला 2,500 रुपये झाले, बाकीच्यांना 1,500 च आहेत. मला हा फरक माहीत असायला हवा होता. समाजकार्याची पदवी घेताना योजनांची यादी पाठ केली होती, पण एकच माणूस दोन रकान्यांत बसू शकतो हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही ते शोधलं नाही.

दिव्यांग म्हणून बसायला किमान 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत. आपल्या बायकांना अपंगत्व म्हटलं की कुबडी किंवा आंधळेपणा आठवतो. झटक्यानं गेलेला हात-पाय, कंपवात, मनाचा जुना आजार, बहिरेपण, सिकलसेल हेही त्यात येतात. म्हातारपणात आलेलं असलं तरी चालतं. "त्याला काय, वयच झालंय" म्हणून आपण सोडून देतो, तिथेच प्रमाणपत्र राहतं.

त्यासाठी आधी स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज, मग तपासणी. आम्ही कोल्हापूरला सीपीआरला गेलो. झटका आल्या आल्या टक्का ठरवत नाहीत, किती सुधारणा होते ते बघायला साधारण सहा महिने जाऊ देतात. म्हणजे या घराला मार्च 2025 मध्येच जाता आलं असतं. आधीचा अर्ज नामंजूर होऊन, माझ्या डोक्यात प्रकाश पडून, गाडी ठरवून आम्ही गेलो ऑगस्टमध्ये. पडून असलेल्या माणसाला वाडीवरनं गाडीपर्यंत आणायचं म्हणजे चौघं लागतात. गटातल्या दोघी आणि शेजारची दोन पोरं आली. गाडीभाडं ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतून, म्हणजे आपण ज्याला व्हीआरएफ म्हणतो त्यातून दिलं. तो निधी असल्याच कामासाठी आहे, बिनव्याजी मागायला लाजू नका.

प्रमाणपत्र 70 टक्क्यांचं मिळालं. परत अर्ज, परत तहसील कार्यालय, परत समितीची बैठक, आणि मग मंजुरी. मंजुरीच्या आधीच्या महिन्यांचे पैसे तिला मिळाले नाहीत.

एक गोष्ट लगेच बघा: प्रमाणपत्र कायमचं आहे की ठरावीक मुदतीचं. झटक्याच्या माणसांना बऱ्याचदा मुदतीचं देतात. मुदत संपली की पेन्शन अडकते, आणि ते कळतं कधी, तर खात्यात पैसे आले नाहीत की. तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा, दोन-तीन महिने आधी धावपळ सुरू करा.

वय 65 च्या पुढं असेल तर दार बदलतं. मग श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. उत्पन्नाची अट तीच, 21,000. नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर श्रावणबाळला जोडून केंद्राची इंदिरा गांधी पेन्शन येते, हाताला मिळून तेवढेच पडतात. सासूबाई 65 च्या वर आणि दिव्यांगही असतील तर प्रमाणपत्र जोडाच, वाढीव रक्कम श्रावणबाळमधल्या दिव्यांगांनाही आहे. महाराष्ट्रात 15 वर्षं राहिल्याचा पुरावा दोन्हीकडे लागतो. मुंबईला गेलेली वर्षं महाराष्ट्रातलीच आहेत, त्यामुळे आपल्या तालुक्यातल्या मुंबईकरांना त्याची भीती नको.

70 च्या वरच्या सगळ्यांसाठी ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, त्याला उत्पन्नाची अटच नाही. वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावरचे. घरी आणल्यावर पॅड, मलम, कुशीवर वळवायला लागणारे हात, हे कार्डात येत नाही. आणि खरी लांबण तर घरी आणल्यावरच सुरू होते.

घरच्या सेवेसाठी जे काही आहे ते उपकेंद्रात आहे, आणि त्यालाही उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आयुष्मान आरोग्य मंदिराच्या 12 सेवांमध्ये वृद्धांची काळजी आणि बऱ्या न होणाऱ्या आजाराची वेदना कमी करणारी सेवा या दोन्ही आहेत. आशाताई आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांना घरी बोलवा, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस कशी बदलायची ते त्यांच्याकडून शिकून घ्या. वहिनीनं हे उशिरा शिकलं, तोवर माकडहाडापाशी जखम झाली होती. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. कमोडची खुर्ची, चाकाची खुर्ची यासाठी ग्रामसभेत लेखी मागणी करा. नुसतं तोंडी बोललं तर इतिवृत्तात येत नाही.

आता वहिनीच्या मूळ प्रश्नाकडं येते. जपानमध्ये 2000 सालापासून काळजीचा विमा आहे. चाळिशीच्या वरचे सगळे हप्ता भरतात. म्हातारं माणूस पडून राहिलं की एक माणूस घरी येऊन 74 गोष्टी तपासतो: कूस बदलता येते का, उठून बसता येतं का, घास तोंडात घालता येतो का. त्यावरून किती मदत लागते त्याची पायरी ठरते आणि तेवढी माणसं घरी येतात. गरीब आहे का, हा पहिला प्रश्न नाही. तिथंही आधी सगळं सुनांवरच होतं, म्हणून तो कायदा आला. आपल्या जवळचं बघायचं तर केरळात आश्वासकिरणम् नावाची योजना आहे, अंथरुणावरच्या माणसाला सांभाळणाऱ्याला महिन्याला 600 रुपये. रक्कम थोडी आहे, पण ती सांभाळणाऱ्या बाईच्या कामासाठी म्हणून दिलेली आहे.

आणि आपल्या 2016 च्या कायद्यातही ही गोष्ट लिहिलेली आहे. कलम 24 म्हणतं की जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्ता असावा, सरकारच्या ऐपतीप्रमाणे. कलम 38 म्हणतं की अशा माणसाला किती आधार लागतो ते मंडळानं तपासावं. "ऐपतीप्रमाणे" हा शब्द असला की मागणाऱ्यानं मागत राहावं लागतं. गाव दारिद्र्य निर्मूलन आराखडा आपणच भरतो. त्यात आपण रेशनकार्ड, जॉबकार्ड, घरकुल मागतो. यंदा हक्काच्या मागण्यांत "काळजीवाहू भत्ता" असं लिहून किती घरं ते टाकूया. मिळेल का माहीत नाही, पण किती घरांत बाई अडकून पडलीय हा आकडा निदान कागदावर येईल.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं आपल्या वाडीतल्या अशा घरांची माहिती आणावी: माणसाचं वय, आजार कधीपासून, प्रमाणपत्र आहे का आणि मुदत कधीपर्यंत, उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा, पेन्शन चालू आहे का. अर्ज नामंजूर झाला असेल तर कारणाचा कागद मागून घ्या, "साहेब नाही म्हणाले" एवढ्यावर घरी परत येऊ नका.

ज्यांची पेन्शन चालू आहे त्यांनी दरवर्षीचा हयातीचा दाखला विसरू नये आणि खातं आधारला जोडलेलं आहे का ते बघावं, पैसे आता थेट त्याच खात्यावर येतात. माणूस उठत नसेल तर त्याला बँकेत उचलून न्यायची गरज नाही, आपली बीसी सखी मशीन घेऊन घरी येते. लुळ्या हाताचा अंगठा उठत नसेल तर दुसऱ्या हाताची बोटं लावून बघा. वहिनीच्या मालकांचा डाव्या हाताच्या मधल्या बोटाला उठला.