सुई त्याच्याही हातात द्या

पालकहो,

बारावीनंतर मुलगा शिकायला बाहेरगावी निघाला की घरात किती लगबग उडते! नवी बॅग येते, गादी-उशी येते, लाडू-चिवड्याचे डबे भरले जातात. पण शर्टाचं तुटलेलं बटण त्याला लावता येतं का, रंग जाणारा कपडा वेगळा भिजवायचा असतो हे त्याला ठाऊक आहे का, वाटीभर तांदळाला पाणी किती लागतं ते कळतं का, ही चौकशी सहसा कुणी करत नाही. मुलगी निघाली असती तर तिला हे सगळं आधीच शिकवून झालेलं असतं. आज या फरकाबद्दल तुमच्याशी मनापासून बोलायचं आहे.

शिवणटिपण, स्वयंपाक, धुणं ही बाईमाणसाची कामं, असं आपण सहज म्हणून जातो. जरा आजूबाजूला पाहा. गावातला शिंपी पुरुष, शहरातला लेडीज टेलर बहुतेक वेळा पुरुषच. लग्नातला आचारी पुरुष, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला पुरुष. संत नामदेवांचं घराणं शिंप्याचं. कामाचे पैसे मिळत असतील तर ते पुरुषाला शोभतं आणि घरात विनामोबदला करायचं झालं की तेच काम आई-बहिणीच्या वाट्याला जातं. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं, म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. पुरुषांची ८८ मिनिटं, जेमतेम दीड तास. त्यातही जे पुरुष घरकामाला हातच लावत नाहीत ते या सरासरीत धरलेले नाहीत. ही तफावत मोठेपणी अचानक उगवत नाही. ताट उचलायला ताईला सांगितलं जातं आणि दादा हात धुऊन टीव्हीसमोर बसतो, तिथून तिची सुरुवात होते.

मग सुरुवात कुठून करायची? माझं मत विचाराल तर बटणापासून. सामान थोडं लागतं, काम पाच-दहा मिनिटांत होतं आणि जमलं की नाही ते लगेच दिसतं. शेजारच्या एका सातवीतल्या मुलाला मी शिकवलं ते असं. दोरा हातभर घ्यायचा, लांब घेतला की गुंततो. टोक तिरकं कापायचं म्हणजे सुईत चटकन ओवलं जातं. दोरा दुहेरी करून गाठ मारायची, सुई कापडाच्या आतल्या बाजूने वर काढायची. बटण ठेवायचं आणि त्याच्यावर आगकाडी आडवी धरून, काडीवरून दोरा नेत चारही भोकांतून टाके घालायचे. मग काडी काढून घ्यायची, बटण वर ओढायचं आणि खाली सैल झालेल्या दोऱ्याभोवती तीन-चार वेढे द्यायचे. बटणाला छोटासा देठ तयार होतो. शेवटी आतून गाठ.

पठ्ठ्याने पहिल्यांदा आगकाडीची कटकट नको म्हणून बटण घट्ट आवळून टाकलं. शर्ट घालून बघितला तर काजाची पट्टी बटणाखाली मावेना, कापडाला चुण्या पडल्या. मी काही बोलले नाही. त्याने स्वतःच टाके उसवले आणि आगकाडी मागून घेतली. देठ कशाला हवा, हे आता त्याला जन्मभर सांगावं लागणार नाही. बटणानंतर धावदोरा, मग पँटची निघालेली दुमड हाताने तुरपणं, उसवलेल्या शिवणीला उलटी टीप घालणं. एवढं आलं तरी घरातली बरीचशी डागडुजी निभावते.

आता मला जे सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. मुलाला घरकाम द्याल तेव्हा अख्खं काम द्या. बहुतेक घरांत मुलगा सांगितलं तेवढं करतो. आई म्हणाली की कोथिंबीर आणतो, हाक मारली की पाणी भरतो. वाईट काहीच नाही त्यात, पण काय संपलंय, काय आणायचं, कधी करायचं, हे सगळं आईच्याच डोक्यात राहतं. थकवतं ते हेच. म्हणून रविवारचा नाश्ता त्याच्याकडे सोपवलात, तर डब्यात पोहे आहेत का हे शनिवारी बघणं त्याचं, कांदे-मिरच्या आणणं त्याचं, फोडणी त्याची आणि शेवटी कढई घासून ओटा पुसणंही त्याचंच. गणवेश त्याच्याकडे दिलात, तर बटण सैल झालंय हे त्याच्याच लक्षात यायला हवं. एखाद्या सोमवारी बटणाविना जावं लागलं तर जाऊ द्या. आदल्या रात्री गुपचूप उठून लावून ठेवू नका.

वयाचा अंदाज घ्या. पाच-सहा वर्षांचं मूल मोजे जोडीने लावतं, शेंगा सोलतं, आपली ताटवाटी उचलतं. आठ-नऊच्या वयात सुई हातात देता येते. सुया मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या. दहा-बारा वर्षांचा मुलगा तुमच्या देखरेखीखाली गॅस पेटवू शकतो, कणीक मळू शकतो. चौदा-पंधराव्या वर्षी वरण-भात-भाजी, कपडे धुणं, संडास-बाथरूम घासणं आणि शिवणयंत्रावर सरळ टीप मारणं यायला काहीच हरकत नाही. टीप वाकडी आली तरी उसवून पुन्हा मारू नका. पोळीचा नकाशा झाला तरी तीच पोळी आवडीने खा. घरकाम शिक्षा म्हणून कधीही देऊ नका. आणि मुलगी रोज करते त्याची दखल नाही, पण मुलाने एकदा चहा केला तर पाहुण्यांत कौतुक, असं करू नका. मुलीला ते बरोबर कळतं आणि टोचतं.

घरातून विरोध होईल. आजी म्हणेल, “पोराच्या हातात सुई? लोक काय म्हणतील!” आजीशी वाद घालू नका, नातवाला तिच्याचजवळ बसवा. गोधडीचा धावदोरा आजीइतका कुणाला येतो? शिकवता शिकवता तिचाही विरोध मावळेल. वडील म्हणतील, अभ्यासाचं काय? साध्या झबल्याचं कापड बेतताना छातीच्या मापाचा चौथा भाग काढावा लागतो, वर सैलपणा, वर शिलाईची माया. पुस्तकातले अपूर्णांक तिथे हाताखालून जातात. आणि मुलाला डॉक्टर करायचं स्वप्न असेल तर आलेक्सी कारेल या फ्रेंच शल्यविशारदाची गोष्ट सांगा. तुटलेली रक्तवाहिनी कशी शिवायची, हे शोधताना त्यांनी लिआँ शहरातल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडून बारीक टाक्यांचे धडे घेतले. रक्तवाहिन्या शिवण्याच्या कामासाठी १९१२ साली त्यांना नोबेल मिळालं.

हा विचार आपल्या मातीला नवा नाही. १९३७च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हाताने काम करत शिकण्याची ‘नई तालीम’ मांडली. सेवाग्रामच्या शाळेत मुलगे आणि मुली दोघंही सूत कातत, स्वयंपाक करत, सफाई करत. जपानने १९९३-९४ पासून गृहशास्त्र माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांतल्या मुलग्यांनाही सक्तीचं केलं. आपल्या बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात आईबरोबर भाजी निवडणारे बाबा चित्रात दाखवले. पण चित्रातले बाबा भाजी निवडतात आणि घरातले बाबा सोफ्यावरून चहा मागतात, असं असेल तर मूल घरातल्या बाबांवरच विश्वास ठेवील. तेव्हा बाबांनो, मुलाबरोबर तुम्हीही बसा. बटण लावता येत नसेल तर त्याच्याबरोबरच शिका.

मुलीचंही तसंच. तिला फ्यूज बदलता यावा, सायकलचं पंक्चर काढता यावं, नळाचा वॉशर बसवता यावा. जगायला जे लागतं ते मुलगा-मुलगी न बघता दोघांनाही यायला हवं.

आपला मुलगा उद्या एकटा राहील, कुणाबरोबर संसार करील, कधी आजाऱ्याची उशापायथ्याशी बसून सेवा करील, कदाचित आपलीच. त्या प्रत्येक वेळी दुसऱ्या कुणाच्या हातांवर अवलंबून न राहता त्याला उभं राहता यावं, एवढंच मागणं आहे. सुट्टीची वाट बघू नका. घरात बटण तुटलेला एखादा शर्ट नक्की असेल. आज संध्याकाळी तो काढा आणि मुलाला हाक मारा.