आत्मसंयम : खऱ्या स्वातंत्र्याची वाट

बुलढाणा जिल्ह्यातील धाड व पंचक्रोशीतील भाविकांना एकादशीचे व्रत नवे नाही. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हणही तितकीच परिचयाची आहे. अन्न वर्ज्य केले, परंतु मन फराळाच्या ताटाभोवतीच घोटाळत राहिले, तर व्रताचे फळ कोणते? श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात याचे उत्तर आहे. निराहार राहणाऱ्यापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी उरते. ती परमतत्त्वाच्या दर्शनानेच ओसरते, असे भगवंत सांगतात.

याच अध्यायात मनुष्याच्या पतनाचा क्रम दिला आहे. विषयचिंतनातून आसक्ती, आसक्तीतून कामना, कामनेतून क्रोध, क्रोधातून मोह, मोहातून स्मृतिभ्रंश, त्यातून बुद्धिनाश व अखेर सर्वनाश. क्रोध भडकल्यावर तो आवरणे फार कठीण. मन विषयाभोवती फिरू लागले, की तेव्हाच त्यास नामस्मरणाकडे वळविणे त्या मानाने सोपे. म्हणून साधकाने पहिल्या कडीपासूनच अभ्यासास आरंभ करावा.

या विचाराचे थोर उदाहरण महाराष्ट्रात घडले. स्वातंत्र्यचळवळीत कारावास भोगत असताना आचार्य विनोबा भावे यांनी धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने केली. श्रोते होते सहबंदी. साने गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणून 'गीता-प्रवचने' हा ग्रंथ आज उपलब्ध आहे. तुरुंगाचे कुलूप परकीय सरकारच्या हाती होते. परंतु मन कोठे गुंतवावे, हे बंदिजनांच्याच हाती राहिले. याउलट घराची दारे उघडी असूनही तंबाखूची पुडी किंवा एखादा टोचरा शब्द ज्यास हवे तसे नाचवितो, त्यास स्वतंत्र कसे म्हणावे?

विनोबांनीच पुढे १९५१ साली तेलंगणातील पोचमपल्ली येथून भूदानयज्ञ आरंभिला. दान हाही संयमाचाच अभ्यास होय. दिलेल्या वस्तूवरील 'माझे'पण सुटले, तितका दाता मोकळा झाला; रक्कम लहान की मोठी, हा प्रश्न येथे गौण ठरतो.

दर्शनास आलेल्या भाविकाने आपल्यावर सत्ता गाजविणारी एकच सवय ओळखावी आणि पुढील एकादशीपर्यंत तिला आवर घालण्याचा संकल्प देवापुढे करावा. संकल्प मोडल्यास निराश न होता पुन्हा आरंभ करावा. अभ्यास व वैराग्य यांनी चंचल मनही वश होते, असे आश्वासन गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनीच दिले आहे.