नायट्रिक ऑक्साइड आणि रक्तकर्करोगाच्या पेशींतील जनुक-अभिव्यक्ती

नायट्रिक ऑक्साइड हा वायुरूप रेणू आपल्या शरीरात एल-आर्जिनिन या अमिनो आम्लापासून तयार होतो व काही सेकंदांतच नाहीसा होतो. रक्ताभिसरणातील त्याच्या संदेशवहन-कार्याच्या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. येथे आम्ही त्याच्या रक्तकर्करोगाच्या पेशींवरील परिणामांचा विचार करीत आहोत.

१९९२ मध्ये 'ब्लड' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एचएल-६० या पेशींवर नायट्रिक ऑक्साइडचा प्रयोग करण्यात आला. या पेशींची वाढ मंदावली व त्या मोनोसाइटसदृश परिपक्व रूपाकडे वळल्या. पेशीविभाजनास चालना देणाऱ्या सी-मिक व सी-मिब या जनुकांची अभिव्यक्ती घटली; टीएनएफ-अल्फा व इंटरल्युकिन-१ बीटा यांची वाढली. अर्थात जनुकाची रचना तीच राहिली, त्याचे 'वाचन' मात्र बदलले.

परंतु येथेच थांबणे धोक्याचे आहे. १९९८ मध्ये क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या पेशींत असे आढळले की, त्या स्वतःच नायट्रिक ऑक्साइड निर्माण करतात व त्याच्या आधारे मरण टाळतात. ही निर्मिती रोखल्यास त्या मरू लागतात. रेणू तोच, मात्र पेशी बदलताच परिणाम उलट! मात्रेनुसारही तो पालटतो. व्याधी, प्रकृती व मात्रा पाहून द्रव्ययोजना करणाऱ्या वैद्यास हे नवीन नाही.

अश्वगंधेच्या अर्काने भक्षकपेशींत (मॅक्रोफेजमध्ये) नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती वाढते, असे २००३ मध्ये प्रयोगशाळेत दिसून आले. यावरून 'अश्वगंधा रक्तकर्करोगावर गुणकारी' असा निष्कर्ष काढणे सर्वथा अयोग्य होय. काचपात्रातील पेशी म्हणजे रुग्ण नव्हे.

म्हणून आमची विनंती अशी :

१. दीर्घकाळ ज्वर, पांडुता, अकारण रक्तस्राव वा नीलवर्ण डाग दिसल्यास रक्तगणना व रक्तपटल-तपासणी त्वरित करवून रुग्णास रक्तविकारतज्ज्ञांकडे पाठवावे.

२. रसायनचिकित्सा (केमोथेरपी) चालू असताना कोणतेही औषध संबंधित तज्ज्ञांना कळविल्याशिवाय देऊ नये.

३. औषधविक्रेत्यांनी कर्करोग बरा करण्याची जाहिरात करू नये. 'ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज' कायदा, १९५४ अन्वये तीस मनाई आहे.

तीव्र रक्तकर्करोगात काही दिवसांचा विलंबही प्राणघातक ठरू शकतो. योग्य वेळी योग्य ठिकाणी पाठविणे हीही चिकित्साच होय.